नऊशे तासांची पदवी

समाजकार्य महाविद्यालयाच्या वेळापत्रकात आठवड्याचे दोन दिवस कोरे असतात. नव्याने आलेल्या मुलांना ती सुटीच वाटते. मग एके दिवशी फलकावर यादी लागते. चार जण सरकारी दवाखान्यात, दोघे बालगृहात, पाच जण शहराच्या कडेला वसलेल्या झोपडपट्टीत आणि उरलेले तालुक्यातल्या एखाद्या गावात. या दोन दिवसांचे पुस्तकी नाव क्षेत्रकार्य; महाविद्यालयाच्या आवारात मात्र सगळे त्याला फील्डवर्कच म्हणतात. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, पुरी होते की अर्धीच राहते, हे बऱ्याच अंशी याच दोन दिवसांत ठरते.

हिशेब सोपा आहे. आठवड्याला सुमारे 15 तास, पंधरा आठवड्यांचे एक सत्र आणि अशी चार सत्रे. गुणाकार केला की 900 तास होतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2001 साली समाजकार्याचा आदर्श अभ्यासक्रम तयार केला. आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रात घालवायचे, ही रीत त्यात पक्की झाली. अमेरिकेतली समाजकार्य शिक्षण परिषदसुद्धा पदव्युत्तर पदवीसाठी क्षेत्रातले किमान 900 तासच मागते. डॉक्टरला वॉर्डात आणि वकिलाला कोर्टात शिकावे लागते, हे आपल्याला सहज पटते. समाजसेवा मात्र मनात कळवळा असला की आपोआप जमते, असा समज अजून घट्ट आहे. तो समज खोडून काढण्यासाठीच ही पदवी जन्माला आली. 1936 साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने देशातली समाजकार्याची पहिली पदव्युत्तर शाळा निघाली. तिचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकी मिशनरी होते. त्याआधी ते मुंबईतल्याच नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते, म्हणजे शाळेच्या आधी वस्ती होती. हीच शाळा पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली.

मराठवाड्यात उच्च शिक्षणच उशिरा पोहोचले. निजामी राजवटीतून हा प्रदेश सुटल्यावर औरंगाबादचे विद्यापीठ उभे राहिले ते 1958 साली. नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले 17 सप्टेंबर 1994 रोजी, म्हणजे नेमके मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. हैदराबाद मुक्तिलढ्याचे नेते असलेल्या संन्याशाचे नाव त्याला मिळाले. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. मुख्य परिसर नांदेडजवळ विष्णुपुरीला आणि उपपरिसर लातूरला आहे.

प्रवेशाची अट फार कडक नाही. बारावीनंतर बीएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदवीला, जाता येते, मग बारावी कोणत्याही शाखेतून झालेली असो. एमएसडब्ल्यूसाठी सहसा कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यामुळे एका वर्गात कृषी पदवीधर, बीए मराठी, बीकॉम आणि डीएड करून शिक्षकभरतीची वाट पाहून थकलेला तरुण, असे सगळे एकत्र बसलेले दिसतात. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात आता क्रेडिटची मांडणी आली आहे. तीन वर्षांच्या पदवीला 120 ते 132, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला 160 ते 176 आणि दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीला 88 क्रेडिट लागतात. ऑनर्स करून आलेल्याची पदव्युत्तर पदवी एका वर्षात होऊ शकते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून पहिल्या वर्षानंतर कुणाला बाहेर पडावे लागले, तर 44 क्रेडिटवर पदव्युत्तर पदविका हाती पडते. वर्गातले 15 तास म्हणजे एक क्रेडिट. प्रात्यक्षिकात त्याच एका क्रेडिटसाठी 30 तास द्यावे लागतात. क्षेत्रकार्याचे क्रेडिट महाग पडते ते या हिशेबामुळे.

महाराष्ट्रात या महाविद्यालयांची आणखी एक वेगळी गोष्ट आहे. कला, वाणिज्य, विज्ञानाची महाविद्यालये उच्च शिक्षण खात्याकडे असतात, तर समाजकार्य महाविद्यालयांचे अनुदान सामाजिक न्याय खात्याकडून येते. परीक्षा विद्यापीठाची आणि पगार दुसऱ्याच खात्याचा, अशा दोन दारांत या महाविद्यालयांचे कागद फिरत राहतात. प्राध्यापकांची भरती रेंगाळते आणि तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवर वर्ग चालतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

वर्गात काय शिकवतात, हे थोडक्यात सांगता येते. व्यक्तिसहाय्य कार्य, गटकार्य आणि समुदाय संघटन या तीन मुख्य पद्धती आहेत. समाजकल्याण प्रशासन, समाजकार्य संशोधन आणि सामाजिक कृती या तीन त्यांना जोडून येतात. शिवाय समाजशास्त्र, मानसशास्त्र, सामाजिक कायदे आणि मानवी विकासाचे टप्पे. पेपर मराठीत लिहिता येतो, पण बरेचसे संदर्भग्रंथ इंग्रजीत आहेत. त्यामुळे मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पहिली दोन सत्रे कष्टाची जातात. तरीही या पेपरांत नापास होणारे फार नसतात. खरी गाळणी पुढे आहे.

सरकारी दवाखान्यात नेमलेल्या विद्यार्थ्याचे काम पाहिले, तर ही गाळणी समजते. नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. अशा रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असते आणि विद्यार्थी त्यांच्या हाताखाली काम शिकतो. समजा, क्षयरोगाचा एक रुग्ण गोळ्या अर्ध्यावर सोडून परत परत भरती होतो आहे. डॉक्टरांच्या कागदावर एवढेच लिहिलेले असते की रुग्ण सहकार्य करत नाही. विद्यार्थ्याने त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून विचारायचे असते, की गावाकडे घरी कोण आहे, काम काय करता, गोळी घेतल्यावर काय होते. मग हळूहळू कळते की तो ऊसतोडीला जातो, वर्षातले पाच-सहा महिने फडावर असतो आणि त्याचे कार्ड गावाच्या केंद्रात पडून असते. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळते. निक्षय पोषण योजनेचे पैसे, जे नोव्हेंबर 2024 पासून महिना 500 वरून 1000 रुपये झाले, ते त्याच्या खात्यात आलेलेच नाहीत, कारण खाते आधारला जोडलेले नाही. आता विद्यार्थ्याच्या हाती चार कामे येतात: बँक, ऊसतोडीच्या ठिकाणचे आरोग्य केंद्र, मुकादम आणि रुग्णाची बायको. प्रवचन मात्र द्यायचे नसते. पहिल्या वर्षाच्या मुलाला हीच गोष्ट सर्वांत अवघड जाते.

यानंतर त्याला हे सगळे लिहून काढावे लागते. त्याला रेकॉर्डिंग म्हणतात. कोण काय बोलले, आपण काय विचारले, कुठे अडखळलो, कुठे राग आला, पुढच्या भेटीत काय करायचे. रुग्णाचे खरे नाव त्यात लिहायचे नाही, कारण गोपनीयता हा या व्यवसायाचा पहिला नियम आहे. आठवड्याची वही पर्यवेक्षक शिक्षकांकडे जाते आणि मग वैयक्तिक परिषद होते, म्हणजे एक शिक्षक आणि एक विद्यार्थी समोरासमोर बसतात. तू त्या बाईला दारू सोडायला नवऱ्याची समजूत घाल, असे का सांगितलेस? तिला मार बसला तर? पदवीचा खरा धडा असल्या प्रश्नांतून मिळतो. गट परिषदेत हीच केस सगळ्यांसमोर येते आणि दुसऱ्या विद्यार्थ्याला जे दिसते ते पहिल्याला दिसलेले नसते.

नांदेड विद्यापीठाच्या चार जिल्ह्यांत क्षेत्रकार्य करणाऱ्याची आणखी एक परीक्षा होते, ती भाषेची. कागदोपत्री सगळा मराठी मुलूख आहे. पण किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी आणि कोलामी बोलणारी कुटुंबे आहेत, मुखेड, कंधार, अहमदपूर, जळकोटच्या तांड्यांवर गोरमाटी चालते, देगलूर-बिलोली-धर्माबादकडे तेलुगू कानावर पडते, उदगीर-देवणीच्या सीमेवर कन्नड, आणि नांदेडच्या जुन्या गल्ल्यांत दखनी उर्दू. तांड्यावरची मुलगी एमएसडब्ल्यूला येते तेव्हा वर्गात कदाचित ती मागे बसेल, पण तिच्या तांड्यावर गृहभेटीला गेल्यावर तीच सगळ्यांच्या पुढे असते. चांगले पर्यवेक्षक हे ओळखतात आणि त्या बळाची नोंद गुणांत करतात.

समुदाय संघटन हा विषय लातूर जिल्ह्यात पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि सास्तूर परिसर भूकंपाने हादरला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि त्यांवरची जड माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. त्यानंतर सरकारने जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूरचा ग्रामीण परिसर 1980च्या दशकातच सुरू झाला होता आणि तो भूकंपाच्या पट्ट्यापासून जवळ होता. या कार्यक्रमात लोकसहभागाची बाजू सांभाळण्याचे काम टाटा संस्थेकडेही आले.

लोकसहभाग हा शब्द सरकारी पत्रकात गुळगुळीत दिसतो. गावात त्याचा अर्थ वेगळा होता. नव्या घराचा आकार जमिनीच्या धारणेवर ठरला होता: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400 आणि त्याहून मोठ्या शेतकऱ्यांना 750. याद्या गावासमोर वाचल्या जायच्या. एकत्र कुटुंबातल्या चार भावांचा सातबारा एकच असेल तर घरे किती? नवरा गेलेल्या सुनेचे नाव यादीत कुणाच्या खाली? गुरे कुठे बांधायची? जुन्या गावात दारासमोर दार होते. नव्या गावात सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते आले आणि म्हातारी माणसे शेजाऱ्यापासून तुटली. हे प्रश्न इंजिनिअरला पडत नव्हते, त्याला आराखडा पुरा करायचा होता. गावात बसून, पुन्हा पुन्हा बैठका घेऊन, गप्प बसलेल्या माणसाला बोलते करणे हे काम समाजकार्यकर्त्याचे होते. सगळीकडे ते जमले असे नाही. ज्या गावांत बायका बैठकीला आल्या आणि बोलल्या, तिथल्या घरांत चूल, न्हाणी आणि अंगण यांचा विचार झाला. प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने याच काळात गावातल्या बायकांना संवाद सहायक म्हणून तयार केले आणि त्यांनी घरदुरुस्तीच्या कामावर लक्ष ठेवले. आज लातूरच्या एमएसडब्ल्यूच्या विद्यार्थ्याला पुनर्वसित किल्लारीत नेऊन हे रस्ते पायी फिरवले, तर समुदाय संघटनाचा अर्धा पेपर तिथेच होतो.

अनाथ मुलांचे काय झाले, ही याच भूकंपाची दुसरी गोष्ट. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने नळदुर्गला ‘आपलं घर’ ही संस्था उभारली. एकाने मुलांना दूर नेले, दुसऱ्याने जवळ ठेवले. बालकल्याणाच्या तासाला चर्चेसाठी याहून जिवंत विषय मिळणार नाही. औसा तालुक्यातल्या हासेगावला रवी बापटले यांनी 2007 पासून एचआयव्हीबाधित मुलांसाठी चालवलेले सेवालय हाही तसाच विषय आहे. मुलांना आसरा देणे हा एक भाग, गावाच्या भीतीशी आणि विरोधाशी वर्षानुवर्षे बोलत राहणे हा दुसरा. शेजारच्या अंबाजोगाईत डॉ. द्वारकादास लोहिया यांच्या मानवलोक संस्थेने दुष्काळी गावांत पाणलोटाचे काम करता करता स्वतःचे समाजकार्य महाविद्यालयच काढले. बीड जिल्हा दुसऱ्या विद्यापीठात असला तरी लातूरकरांना ते घराजवळचे आहे.

क्षेत्रकार्याखेरीज ग्रामीण शिबिर असते, सहसा आठवडाभराचे. गावातल्या शाळेत मुक्काम, शिवारफेरी, गावनकाशा, ग्रामसभेला हजेरी, रात्री पथनाट्य. मग अभ्याससहल. आणि शेवटच्या परीक्षेनंतर महिनाभराचे ब्लॉक प्लेसमेंट, ज्यात विद्यार्थी एकाच संस्थेत कर्मचाऱ्यासारखा पूर्णवेळ काम करतो. याला अनेक ठिकाणी गुण नसतात, पण ते केल्याशिवाय पदवीची पूर्तता होत नाही.

लघुशोधप्रबंध ही शेवटची मोठी अट. विषय निवडताना इथल्या मुलांना दूर जावे लागत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 21.9 टक्क्यांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले, तर याच विद्यापीठाच्या कक्षेतल्या परभणी जिल्ह्यात हे प्रमाण 48 टक्के निघाले. ग्रामसेवक हा कायद्याने बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आहे, पण त्याला त्याच गावात राहायचे असते. मुलगी घरी एकटी ठेवून ऊसतोडीला कसे जायचे, हा आईबापांचा प्रश्न कुठल्याच नमुन्यात बसत नाही. प्रश्नावली घेऊन पन्नास घरे फिरलेला विद्यार्थी असे काही ऐकून परततो, जे आकड्यांत दिसत नाही. 2016 साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, त्या उन्हाळ्यात नळावर कुणाच्या घागरी आधी भरल्या, यावरही प्रबंध होऊ शकतो. कुठल्याशा जुन्या प्रबंधावरून आपला उतरवून काढणे हा या सगळ्याचा सर्वांत वाईट वापर आहे, आणि तो होतो.

सर्वांत मोठी दुखरी जागाही हीच आहे. नऊशे तास कागदावर भरतात. संस्थेचा शिक्का, हजेरीपत्रकावर सह्या आणि वहीत कल्पनेने लिहिलेल्या भेटी. याला एकट्या मुलांना दोष देणे अन्यायाचे होईल. एका पर्यवेक्षकाकडे आठ-दहा विद्यार्थी असावेत, हा संकेत. जागा रिकाम्या असल्या की एकाच शिक्षकाच्या वाट्याला त्याच्या दुप्पट-तिप्पट वह्या येतात आणि वैयक्तिक परिषद पाच मिनिटांत उरकते. किनवट नांदेडहून सव्वाशे-दीडशे किलोमीटर दूर आहे. आठवड्यातून दोनदा तिकडे जायला एसटीचे भाडे कुणी द्यायचे? मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाल्याने मुलींचा भार थोडा हलका झाला. शिष्यवृत्तीची रक्कम मात्र वर्ष संपताना खात्यात येते आणि फील्डवर्क जुलैत सुरू होते. भाड्याची तरतूद नसेल, तर दुर्गम गावे यादीतून गळतात आणि मुले महाविद्यालयाजवळच्या त्याच दोन-तीन वस्त्यांत वर्षानुवर्षे जात राहतात. त्या वस्त्यांतल्या बायका आता विद्यार्थी दिसले की स्वतःहून विचारतात, यंदा कोणता फॉर्म भरायचा? हे चित्र बदलायचे तर विद्यापीठाने क्षेत्रकार्याच्या प्रवासखर्चाला प्रयोगशाळेच्या खर्चाइतकेच मानाचे स्थान द्यायला हवे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला आम्ल घरून आणायला कुणी सांगत नाही.

पदवीनंतरच्या वाटा बऱ्याच आहेत, पण अरुंद आहेत. मोठ्या कारखान्यात कायद्याने कल्याण अधिकारी नेमावा लागतो आणि त्या पदासाठी समाजकार्याची पदवी उपयोगी पडते. रुग्णालयातले समाजसेवा अधीक्षक, एचआयव्ही तपासणी केंद्रातले समुपदेशक, बालन्याय अधिनियम 2015 खालची जिल्हा बाल संरक्षण कक्षातली पदे, स्वयंसेवी संस्थांचे प्रकल्प, कंपन्यांचे सामाजिक निधीतले उपक्रम. पोलिसांच्या आवारात अत्याचारग्रस्त महिलांना मदत करणारा विशेष कक्ष टाटा संस्थेने 1984 मध्ये मुंबईत सुरू केला आणि पुढे तो राज्यात पसरला; तिथेही समाजकार्याचे पदवीधरच लागतात. मुलांसाठीची 1098 ही हेल्पलाइनसुद्धा 1996 साली टाटा संस्थेच्याच क्षेत्रप्रकल्पातून निघाली. यातल्या बऱ्याच नोकऱ्या अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असतात, हेही प्रवेश घेणाऱ्याला माहीत असायला हवे. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात जायचे, तर एमएसडब्ल्यू पुरत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे मनोविकार सामाजिक कार्यकर्ता म्हणवून घेण्यासाठी त्यापुढे दोन वर्षांचे पूर्णवेळ एमफिल लागते, तेही रुग्णांसोबतच्या देखरेखीखालील प्रशिक्षणासह. वकिलांसाठी बार कौन्सिल आहे, तसा सगळ्या समाजकार्यकर्त्यांना लागू होणारा नोंदणीचा कायदा देशात अजून नाही. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार सामाजिक कार्यकर्त्यांचा समावेश झाला, बाकीचे अजून बाहेरच आहेत.

म्हणून नांदेड किंवा लातूरमध्ये एमएसडब्ल्यूला अर्ज करणाऱ्याने शुल्काच्या आधी काही गोष्टी महाविद्यालयाला विचाराव्यात. मागच्या वर्षीची मुले फील्डवर्कला कुठे होती? पर्यवेक्षक त्या ठिकाणी महिन्यातून कितीदा जातात? वैयक्तिक परिषद कोणत्या वारी असते आणि किती वेळ चालते? लांबच्या गावाचे भाडे कोण देते? ब्लॉक प्लेसमेंटसाठी संस्था विद्यार्थ्यानेच शोधायची, की महाविद्यालय बोलून ठेवते? आणि जमले तर आदल्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याची रेकॉर्डिंगची वही पाहायला मागावी, शिक्षकांनी लाल शाईने समासात काय लिहिले आहे ते वाचावे.